कण्याची कुरकूर

कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत आणि दक्षिणेस, खालापूर तालुक्यात, खोपोलीहून वर चढणारा बोरघाट, अशी या मुलखाची ठेवण असल्यामुळे येथे जे जे चाक आले त्याला सरळ धावण्यापेक्षा वळण्याचीच परीक्षा अधिक द्यावी लागली. १९२२ साली भिवपुरीस सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत् केंद्रातील, डोंगरावरून नळांनी उतरलेल्या पाण्यावर फिरणारी चाके तेवढी आपल्या जागी स्थिर राहिली. बाकी सर्वांना वळावे लागले, आणि वळताना त्यांनी जी कुरकूर केली तिचे निदान करणे हाच येथील वाहनदुरुस्तीच्या धंद्याचा मूळ भाग होता, असे मी मानतो.

सर जॉन माल्कम मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना कॅप्टन ह्यूज यांच्या देखरेखीखाली बांधलेला बोरघाटाचा गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी रहदारीस खुला झाला. त्यावरून चढणाऱ्या बैलगाडीची दोन्ही चाके एका स्थिर कण्यावर आपापली स्वतंत्र फिरत, आणि म्हणून वळणाच्या बाहेरील चाकास जे अधिक अंतर तोडावे लागते ते त्यास विनातक्रार तोडता येई. गाडी करकरू लागली तर दोष तुंब्यातील सुकलेल्या वंगणाचा असे आणि गाडीवान तो वाटेतच दूर करी.

आगगाडीची गोष्ट निराळी. तिची दोन्ही चाके कण्याशी घट्ट जखडलेली असतात, कणा फिरला की दोन्ही सारखीच फिरतात, आणि तीव्र वळणावर एक चाक रुळावर घसरल्यावाचून व चाकाची कड रुळाच्या अंगावर घासल्यावाचून पुढे जाणे अशक्य होते. वळणावर ऐकू येणारा कर्कश किंकाळीसारखा आवाज त्या घर्षणातून उपजतो. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली नेरळहून माथेरानवर दोन फुटी रूळ नेण्याचे काम आरंभले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू केली, तेव्हा सुमारे २० किलोमीटरांच्या त्या नागमोडी वाटेवर हीच अडचण प्रत्येक वळणावर उभी होती. तिच्यावरील तोड बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने बांधलेल्या चार इंजिनांत होती. क्लीन-लिंडनर पद्धतीच्या त्या रचनेत पहिल्या व शेवटच्या जोडीची चाके एका पोकळ कण्यावर बसवलेली असून त्याच्या आतून भरीव कणा गेलेला असे; आतला कणा चौकटीत आपल्या जागी राही, आणि मध्यभागी असलेल्या गोलाकार सांध्यावर बाहेरचा कणा रुळाच्या वाकाप्रमाणे किंचित तिरका होई. ताकद पोचवावी आणि तरीही दिशा बदलू द्यावी, ही दोन परस्परविरोधी कामे एका गोलाकडून करून घेण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण पुढे मोटारीने हेच तत्त्व निराळ्या मार्गाने अंगीकारले.

मोटारीचे पुढील प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळते. ही व्यवस्था घोडागाडीसाठी म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गरने शोधली आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमानने १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. जुन्या मोटारीत आणि मालट्रकांत चाक ज्या किंगपिनेभोवती वळे तिचे बुश झिजले किंवा कोरडे पडले की स्टिअरिंग फिरवताच करकर सुरू होई. मग मिस्तरी जॅक लावून चाक अधांतरी करी आणि त्याच्या माथ्याला व तळाला धरून हलवून पाही. ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनेचा, आणि चाक आडवे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टायरॉडचा, अशी त्याची खातरजमा असे. ग्रीस भरतानाही चाक उचलूनच भरावे लागे, कारण गाडीचा भार पिनेच्या ज्या अंगावर पडलेला असतो तेथे ग्रीस एरवी शिरतच नाही. बुश बदलायचे तर जुने ठोकून काढून नवे बसवावे आणि रीमर हाताने फिरवून ते पिनेच्या मापाचे करावे. त्या कामात बोटांना जो अंदाज लागे तो कोणत्याही दप्तरात नोंदला गेलेला नाही, याची मला खंत वाटते.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि इंजिनाची ताकद वळणाऱ्या पुढच्या चाकांकडेच गेली. ताकद पोचवून दिशाही बदलू देण्याच्या त्याच दुहेरी कामासाठी लागणारा, पोलादी गोळ्यांचा सांधा आल्फ्रेड र्झेप्पाने १९२० च्या दशकात सिद्ध केला होता. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर पडते, चिखलपाणी आत जाते आणि पूर्ण वळण घेऊन गती देताच टकटक ऐकू येते. बूट फाटल्याचे वेळीच ध्यानात आले तर सांधा धुऊन, नवे ग्रीस भरून वाचवता येतो. टकटक सुरू झाल्यावर मात्र झिजलेल्या गोळ्यांना ग्रीसने पूर्वरूप येत नाही, सांधाच बदलावा लागतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यास स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टणत्कार झाला, तर शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग तपासावे. स्प्रिंगवर नुसता तळहात ठेवला तरी तो धक्का जाणवतो.

नेरळहून माथेरानच्या वेशीवरील दस्तुरीपर्यंत प्रवासी वाहणाऱ्या मारुती ओम्नींना मात्र हा गोळ्यांचा सांधा नाही, कारण त्यांची ताकद मागच्या चाकांकडे जाते. त्यांच्या मागच्या चाकांवर कमानपाटे आहेत. नेरळ-दस्तुरीच्या या घाटात डावे-उजवे वळण लागोपाठ येत असल्याने चाकाच्या बेअरिंगचे निदान चालत्या गाडीतच होते. डाव्या वळणावर भार उजवीकडे कलतो, तेव्हा घरघर डाव्या वळणावर वाढून उजव्यावर कमी झाली तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग गेलेले असते. दोन्हीकडे सारखाच खडखडाट येत असेल तर बेअरिंग सोडून पाट्यांच्या टोकांचे बुश आधी उघडावेत.