चॉक टॉक : ख्रिस्ती खडूचित्र-प्रवचन

श्रोत्यांसमोर फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर खडूने चित्र काढत बायबलमधील एखादे वचन, दाखला किंवा नीतिबोध समजावून देण्याची प्रचारपद्धती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रॉटेस्टंट शब्बाथशाळांत तिने आकार घेतला. तेथून ती सुवार्तासभा, दारूबंदीच्या सभा, मुलांची शिबिरे आणि परदेशांतील मिशनकार्य यांत पसरली. चित्रकथी आधी रंगवलेली चित्रे एकेक करून समोर धरतो. येथे मात्र चित्र बोलण्याबरोबरच आकाराला येते आणि बोलणे संपते तेव्हाच पुरे होते. या पद्धतीकडे चित्रकलेचा एक हलका प्रकार किंवा रंगमंचीय करमणूक म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तिचा उगम, तिचे तंत्र आणि तिच्यावरचे आक्षेप एकत्र तपासले, तर ती प्रवचनकलेची शाखा ठरते. तिच्यात चित्राचे मोल ते कसे दिसते यापेक्षा ते कोणत्या क्षणी काय दाखवते यावर ठरते.

या पद्धतीची सुरुवात चित्रशाळेत झालेली नाही. ती शिक्षकांच्या प्रशिक्षणातून आली. १८७२ मध्ये इंडियानापोलिस येथील शब्बाथशाळा अधिवेशनाने अनेक प्रॉटेस्टंट पंथांना चालेल अशी एकच पाठमाला स्वीकारली. ठरलेल्या रविवारी ठिकठिकाणच्या वर्गांत एकच उतारा शिकवला जाऊ लागला आणि तो मुलांच्या गळी कसा उतरवावा, हा प्रश्न हौशी, बिनपगारी शिक्षकांपुढे उभा राहिला. १८७४ मध्ये मेथडिस्ट पाळक जॉन हेल व्हिन्सेंट आणि ओहायोतील कारखानदार लुइस मिलर यांनी न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी अशा शिक्षकांसाठी उन्हाळी संमेलन सुरू केले. फ्रँक बिअर्ड (१८४२–१९०५) या व्यंगचित्रकाराच्या खडूव्याख्यानांना याच शटॉक्वाच्या व्यासपीठावर नाव मिळाले. बिअर्ड हा यादवी युद्धाच्या काळात पुढे आलेला वृत्तचित्रकार होता आणि नंतर ‘द रॅम्स हॉर्न’ या शिकागोच्या धार्मिक नियतकालिकासाठी तो व्यंगचित्रे काढत असे. त्याने १८९६ मध्ये खडूच्या पाठांवर जे पुस्तक काढले, तेही शब्बाथशाळेतील फळ्याविषयीच होते. बी. जे. ग्रिसवोल्ड यांच्या ‘क्रेयॉन अँड कॅरॅक्टर’ (१९१३) या पुस्तकात दहा-दहा मिनिटांची तयार भाषणे आहेत आणि भाषणाच्या कोणत्या टप्प्यावर चित्रात कोणती भर घालायची, हेही दिले आहे. चित्रकार घडवणे हा या पुस्तकांचा हेतू नव्हता. ज्याचा हात चित्रकलेत बेताचाच चालतो त्याचेही बोलणे डोळ्यांना धरून ठेवील, एवढीच सोय त्यांना करायची होती.

तंत्राकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. वक्ता बहुधा कागदावर फिकट रेषांची पूर्वतयारी करून ठेवतो, म्हणजे सभेत हात अडखळत नाही. जाड, चौकोनी खडू आडवा फिरवून आकाश, पाणी किंवा डोंगर यांचे मोठे पट्टे आधी भरले जातात. ओळख पटवणारा तपशील शेवटापर्यंत राखून ठेवला जातो. उभा खांब आधी येतो, तो वधस्तंभाचा आहे हे आडवी रेघ पडल्यावरच कळते. दरम्यान श्रोता मनाशी अंदाज बांधत असतो. हा अंदाज चालू असेपर्यंत त्याचे लक्ष वक्त्याच्या ताब्यात असते आणि अर्थ उलगडण्याचा क्षण वक्ता आपल्या वाक्याशी जुळवून घेतो. दोन-चार रेषांच्या फरकाने एका चेहऱ्याचा दुसरा चेहरा करणे, उलटे काढलेले चित्र अखेरीस सुलटे फिरवणे या युक्त्याही याच तत्त्वावर उभ्या आहेत. म्हणूनच पुरे झालेले खडूचित्र नुसते भिंतीवर टांगले, तर पुष्कळदा सामान्य वाटते. त्याची रचना पाहणाऱ्यासाठी कमी आणि ऐकणाऱ्यासाठी अधिक केलेली असते.

प्रॉटेस्टंट परंपरेतील प्रतिमाविरोध लक्षात घेतला, तर या रचनेला धर्मशास्त्रीय वजनही येते. बायबलमधील निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील कोरीव मूर्तीविषयीची आज्ञा अनेक प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी कठोरपणे लावली. झुरिकच्या चर्चमधील प्रतिमा १५२४ मध्ये काढून टाकण्यात आल्या. त्याआधी, सुमारे ६०० साली, पोप पहिले ग्रेगरी यांनी मार्सेयच्या बिशपला लिहिताना, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे हीच पुस्तके, अशा आशयाचे समर्थन केले होते. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) या प्रॉटेस्टंट शिकवणग्रंथाने अठ्ठ्याण्णवाव्या प्रश्नात नेमके हेच समर्थन नाकारले : देवाला आपल्या लोकांना मुक्या प्रतिमांकरवी नव्हे, तर वचनाच्या जिवंत घोषणेतून शिकवायचे आहे. खडूचित्रात प्रतिमा मुकी राहत नाही. ती घोषणेच्या आत जन्मते, तिचा अर्थ वक्त्याचा शब्द ठरवतो आणि फळ्यावरची असेल तर ती पुसलीही जाते. पूजेला वस्तूच उरत नाही. बायबलमध्ये याला आधारही शोधता येतो. यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायात संदेष्ट्याला विटेवर यरुशलेमाचे चित्र काढून त्याभोवती वेढा मांडायला सांगितले आहे. तेथे चित्र ही संदेश देण्याची कृती आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की १८७० च्या दशकातील अमेरिकेत हा वाद शिळा झाला होता. अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी १८२५ पासून सचित्र पत्रके छापत होती, घरोघरी छापील धार्मिक चित्रे होती आणि बिअर्ड-व्हिन्सेंट हे मेथडिस्ट होते, हायडेलबर्गच्या परंपरेतले नव्हते. आक्षेप खरा आहे. आज्ञेतून पळवाट म्हणून ही पद्धत निघाली, असे म्हणता येणार नाही. पण सचित्र पत्रकांतही चित्राचा अर्थ मजकुरानेच बांधलेला असे. चित्र शब्दाच्या ताब्यात हवे, ही सवय बंदी सैल झाल्यावरही टिकली होती आणि खडूचित्राने ती व्यासपीठावर आणली. सेंट कुटुंबाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. लॉरेन्स सेंट यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलसाठी रंगीत काचेच्या खिडक्या घडवल्या. त्यांचा मुलगा फिल सेंट खडूचित्रे काढत सुवार्ता सांगणारा प्रचारक झाला आणि त्याने अर्जेंटिनात मिशनकार्य केले. एकाच श्रद्धावंत घरात दोन्ही प्रकार नांदले, म्हणजे प्रश्न प्रतिमा चालते की नाही एवढाच नव्हता. काचेची खिडकी उपासनेच्या जागेची असते, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहते. खडूचित्र एका सभेपुरते असते आणि वक्ता जाईल तेथे जाते.

दुसरा आक्षेप करमणुकीचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. व्हॉडव्हिल नाट्यगृहांत झपाट्याने चित्रे काढणारे कलाकार हेच तंत्र पैशासाठी वापरत. जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांचा ‘ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’ (१९०६) हा आरंभीचा सचेतपट फळ्यावरच्या खडूचित्रांतूनच निघाला; विन्सर मॅक्के हेही १९०६ पासून रंगमंचावर खडूचित्रे काढू लागले. मग सभेत लोकांना धरून ठेवते ते वचन की हातचलाखी? तंत्र सारखे म्हणून हेतू सारखा, असा निष्कर्ष काढला तर उत्तम वक्तृत्वही नाटकात जमा करावे लागेल. फरक उलगड्यानंतर दिसतो. रंगमंचावर चेहरा ओळखू आला की खेळ संपतो. प्रवचनात तो ओळखू आल्यावर मुख्य वाक्य सुरू होते. तरीही एक दोष दोघांनाही चिकटतो. झपाट्याने ओळख पटवायची तर ठोकळेबाज नमुन्यांचा आधार घ्यावा लागतो. ब्लॅक्टन यांच्या १९०७ च्या ‘लाइटनिंग स्केचेस’मध्ये कृष्णवर्णीय आणि ज्यू लोकांची हीन व्यंगचित्रे आहेत. धार्मिक व्यासपीठही या मोहापासून आपोआप सुरक्षित नाही. पापी कोणता आणि सज्जन कोणता, हे दोन रेषांत दाखवायचे ठरले की वेशावरून आणि नाकडोळ्यांवरून निवाडा करण्याकडे हात वळतो. ही मर्यादा खडूची नाही, घाईची आहे.

तिसरा आक्षेप विसाव्या शतकातील बदलांतून येतो. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या बंधूंनी प्रतिदीप्त रंग विकसित केले. जोसेफ हा हौशी जादूगार होता आणि या रंगांचा पहिला उपयोग जादूच्या प्रयोगांत झाला. अशा द्रव्यांपासून बनलेल्या खडूने काढलेली आकृती साध्या प्रकाशात जवळजवळ दिसत नाही. दिवे मालवून अतिनील दिवा लावला की ती चमकून उठते. खडूचित्रकारांनी हे साधन उचलले. चौकटीवर रंगीत, मंद-तीव्र करता येणारे दिवे आले, भजनाचे संगीत आले आणि निसर्गदृश्यातून अखेरीस येशूचा चेहरा किंवा वधस्तंभ प्रकट होऊ लागला. अनेक कार्यक्रमांत कलाकार आता बोलतही नाही. मग याला प्रवचन कसे म्हणायचे? संगीतापुरते उत्तर सोपे आहे : वाजणारे भजन श्रोत्यांना पाठ असते, म्हणून शब्द सभेत असतातच, फक्त ते श्रोत्यांच्या स्मरणातून येतात. ज्याला ते भजन ठाऊक नाही, त्याला मात्र केवळ देखावा दिसतो. दडवलेल्या चित्राविषयी अधिक सावध राहावे लागते. रेषेतून रेष निघताना श्रोता कारण पाहत असतो. अचानक उजळलेल्या आकृतीचे कारण त्याच्यापासून लपवलेले असते. रसायनाचा परिणाम दैवी प्रकटीकरणासारखा भासवला, तर आधीच्या पद्धतीतील प्रामाणिकपणा जातो.

यावरून या पद्धतीचे मोजमाप ठरवता येते. वक्त्याचे वाक्य आणि चित्रातील शेवटची रेघ एकमेकांवाचून अपुरी राहत असतील, तेथे चॉक टॉक आपल्या मूळ अर्थाने जिवंत आहे. चित्र काढून घेतल्यावरही प्रवचन तेवढेच उरत असेल, तर चित्र सजावट आहे. शब्द काढून घेतल्यावरही परिणाम तेवढाच उरत असेल, तर तो खेळ आहे. ध्वनिचित्रफितीवर वेग वाढवून दाखवलेल्या खडूचित्रांना हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी लागते, कारण तेथे श्रोत्याला वाट पाहावी लागत नाही आणि या पद्धतीची सारी ताकद त्या वाट पाहण्यातच होती.