ताबा व भेटीचा हक्क : व्यसनी पालकाचा

अज्ञान मुलाकडे पाठ फिरवणाऱ्या व्यसनाधीन पालकाचे मुलाच्या ताब्याचे व भेटीचे हक्क न्यायालय मर्यादित करू शकते. भारतात यासाठी पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० व हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हे प्रमुख कायदे आहेत. यांतील दुसऱ्या कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरी असते. गीता हरिहरन खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने, वडील मुलाबाबत उदासीन वा गैरहजर असल्यास त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्वाळा दिला.

व्यसनाचा नुसता आरोप पुरत नाही; व्यसनमुक्ती केंद्राची कागदपत्रे, पोलिसांतील तक्रारी, शेजाऱ्यांची साक्ष असा पुरावा लागतो. भेट सहसा पूर्ण बंद होत नाही. ती दिवसा, मुक्कामाविना, देखरेखीखाली आणि नशा करून न येण्याच्या अटीवर दिली जाते. मुंबईतील वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात अशा भेटींसाठी मुलांचा स्वतंत्र कक्ष आहे. परिस्थिती पालटल्यास, उदाहरणार्थ पालक व्यसनमुक्त झाल्यास, आदेश बदलून घेता येतो. हक्क आकसले तरी मुलाच्या पोटगीची जबाबदारी मात्र कायम राहते.