युद्धकालीन व्यंगचित्रे आणि लोकमत : १९६२ चे भारत-चीन युद्ध

प्रस्तावना :
युद्धकाळात शासन भित्तिपत्रके, आकाशवाणी व अनुबोधपट यांद्वारे प्रचार करते. वृत्तपत्रीय व्यंगचित्र शासनाच्या आज्ञेने काढले जात नाही. तरीही ते प्रचाराचे कार्य करू शकते. म्हणून व्यंगचित्राला लोकमताचा आरसा मानावे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो. १९६२ मधील मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धात डेव्हिड लो यांनी हिटलर व मुसोलिनी यांना हास्यास्पद ठरविले. लो यांच्या शैलीचा प्रभाव बाळ ठाकरे यांच्या रेषेवर पडला. ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाचे प्रकाशन १३ ऑगस्ट १९६० रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले.

युद्ध आणि व्यंगचित्र :
२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले व २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षी उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींचा पराभव करून लोकसभेत गेलेल्या कृष्ण मेनन यांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळ सोडावे लागले; संरक्षणखाते चव्हाणांकडे आले. या काळात टीकेला पूर्ण मज्जाव नव्हता. युद्धासंबंधी आपल्यावर टीका करणारे व्यंगचित्र पाहून नेहरूंनी त्याची स्वाक्षरी केलेली मोठी प्रत मागितली, अशी आठवण आर. के. लक्ष्मण यांनी सांगितली आहे.

परंतु रोख केवळ राज्यकर्त्यांवर राहिला नाही. ‘मार्मिक’ने देशातील कम्युनिस्टांनाही लक्ष्य केले. वस्तुतः कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्या नेतृत्वाखालील गटाने चीनचा निषेध करून सरकारला पाठिंबा दिला होता. पक्षातील हे मतभेद १९६४ च्या फुटीपर्यंत गेले. व्यंगचित्राला मात्र एका पक्षासाठी एकच चेहरा हवा असतो. आक्रमकाचे कौतुक करणारा आणि त्याचा निषेध करणारा, दोघेही एकाच चेहऱ्यात बसविले की भेद लोपतो आणि संशय उरतो.

निष्कर्ष :
व्यंगचित्र लोकमत नोंदविते त्याहून अधिक ते घडविते. शत्रूला ओळखता येईल असा चेहरा देण्याची त्याची शक्ती स्वकीयांवरही उलटू शकते. म्हणून साधन म्हणून व्यंगचित्र वापरताना त्यात कोण दिसते याबरोबरच कोणता भेद पुसला गेला, हेही तपासणे आवश्यक ठरते. निवडणुकीचे निकाल, पक्षांचे ठराव व समकालीन वृत्ते यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्याची साक्ष ग्राह्य मानता येईल.