सदृश जातींची फुलपाखरे

आपसांत सामान्यतः संकर न होणाऱ्या, तथापि बाह्यरूपाने जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या फुलपाखरांच्या जातींना सदृश जाती म्हणतात. उष्ण कटिबंधातील लहान फुलपाखरांत, विशेषतः लायसीनिडी (निळी फुलपाखरे) व हेस्पेरिइडी या कुलांत, त्या पुष्कळ आहेत. त्या ओळखण्याच्या इतिहासात दोन परस्परविरुद्ध चुका वारंवार झालेल्या दिसतात : एकाच जातीच्या भिन्न रूपांना अनेक नावे देणे आणि अनेक जातींना एकाच नावाखाली ठेवणे. ओळखीची प्रत्येक नवी कसोटी या चुकांच्या दुरुस्तीतून पुढे आली.

रंग व ठिपके : कार्ल लिनीअस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून फुलपाखरांचे वर्णन मुख्यतः पंखांचे रंग आणि त्यांवरील खुणा यांवरून होत असे. यूरोपातील अभ्यासकांसमोर दूरदेशांहून आलेले वाळलेले नमुने असत. ते कोणत्या ऋतूत पकडले वा त्यांच्या अळ्या काय खातात, याची माहिती बहुधा नसे. त्यामुळे मेलॅनायटिस लेडा या जातीचे पंखांवर ठळक नेत्रचिन्हे असलेले पावसाळी रूप आणि वाळक्या पानासारखे दिसणारे कोरड्या ऋतूतील रूप या दीर्घकाळ दोन जाती मानल्या गेल्या. लिओनेल द नीसेव्हील (१८५२–१९०१) यांनी कलकत्त्यात (आताचे कोलकाता) या व तिच्या जवळच्या फुलपाखरांचे संगोपन केले. अशी रूपे एकाच जातीची ऋतुरूपे होत, असे त्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. केवळ नमुन्यांवर विसंबणाऱ्या वर्गीकरणाची मर्यादा यामुळे स्पष्ट झाली.

जननेंद्रियांची रचना : गवताळ जागी जमिनीलगत उडणाऱ्या लहान निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत याच्या उलट घडले. पंखविस्तार सु. २ ते २.५ सेंमी. असलेली ही फुलपाखरे वरून निळसर व खालून करडी, ठिपकेदार असतात. फ्रेडरिक मूर यांनी १८८१ मध्ये झिझेरा ही प्रजाती स्थापन केल्यावर त्यांना तीत एकत्र ठेवण्यात येऊ लागले. टॉमस ॲल्जर्नन चॅपमन (१८४२–१९२१) यांनी नरांच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. ही कठीण अंगे ऋतूनुसार पंखांसारखी पालटत नाहीत आणि त्यांची रचना बहुधा जातीगणिक निश्चित असते. दिसण्यात इतके साम्य असूनही ही फुलपाखरे एका प्रजातीतील नाहीत, असे त्यांना आढळले व १९१० मध्ये त्यांनी झिझेरिया, झिझिना आणि झिझुला या तीन स्वतंत्र प्रजाती मांडल्या. त्या आजही मान्य आहेत.

हा भेद एकदा कळल्यावर पंखांवरील बारीक खुणांनाही अर्थ आला. झिझेरिया कर्सांड्रा या जातीत पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मध्यवर्ती कोष्ठात, एक ठिपका असतो. झिझिना ओटिसमध्ये तो नसतो. सर्वांत लहान अशा झिझुला हायलॅक्समध्येही तो नसतो, परंतु त्याच पंखाच्या पुढच्या कडेला ठिपके असतात. अळ्यांचे खाद्यही भिन्न असते. कर्सांड्राच्या अळ्या माठ, सराटा इ. वनस्पतींवर, ओटिसच्या शिंबावंत वनस्पतींवर, तर या फुलपाखरांसारख्याच दिसणाऱ्या स्यूडोझिझेरिया माहाच्या आंबुटीवर वाढतात.

अशा खुणांची पद्धतशीर मांडणी विल्यम हॅरी एव्हान्झ (१८७६–१९५६) यांनी केली. भारतीय फुलपाखरे ओळखण्याच्या त्यांच्या कोष्टकांचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ मध्ये मार्क अलेक्झांडर विंटर-ब्लाइद यांचा भारतीय प्रदेशातील फुलपाखरांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या साहित्यामुळे संग्रहालयाबाहेरील हौशी निरीक्षकालाही ओळखीची साधने मिळाली.

अळ्या व डीएनए : जननेंद्रियांची कसोटीही सर्वत्र पुरेशी ठरली नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळणारी हेस्पेरिइडी कुलातील ॲस्ट्राप्टिस फल्गरेटर ही जाती १७७५ पासून एकच मानली जात होती. कोस्टारीकाच्या वायव्य भागात डॅनिएल जॅन्झेन व विनिफ्रेड हालवाक्स यांच्या दीर्घ निरीक्षणांत या फुलपाखराच्या अळ्या निरनिराळ्या रंगांच्या असून वेगवेगळ्या वनस्पतींवर वाढतात, असे दिसले. पॉल हेबर्ट यांच्यासह त्यांनी कलकणूंमधील (मायटोकॉन्ड्रियांमधील) डीएनएच्या एका छोट्या खंडाची तुलना केली. या नावाखाली त्या प्रदेशात किमान दहा जाती आहेत, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ फुलपाखरांतील फरक अत्यल्प होते आणि जननेंद्रियांत तर भेद नव्हताच. मात्र २००६ मध्ये अँड्र्यू ब्रॉवर यांनी त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून तीन ते सात गटांनाच आधार मिळतो, असा आक्षेप घेतला. कलकणूंचा डीएनए सामान्यतः केवळ मातेकडून येत असल्याने त्यावरून वंशसंबंधांचा एकच पदर दिसतो. म्हणून तो एकमेव पुरावा मानता येत नाही.

महत्त्व : जातींचा भेद न ओळखल्यास दुर्मिळ जाती विपुल जातीच्या नावाखाली झाकली जाते. जपानमध्ये संकटग्रस्त असलेले झिझिना एमेलिना हे फुलपाखरू पूर्वी उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळणाऱ्या ओटिसची उपजाती समजले जात असे. २००८ मधील डीएनए अभ्यासानंतर ते स्वतंत्र जाती म्हणून मांडले गेले. ओटिसची मुबलकता पाहून एमेलिनाच्या स्थितीविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष त्यामुळे निराधार ठरतो.

आज सदृश जाती ठरविताना पंखांवरील खुणा, जननेंद्रिये, अळी व तिची खाद्य वनस्पती, ऋतू आणि डीएनए यांचा एकत्रित विचार करतात. केवळ पंखांच्या वरच्या बाजूच्या छायाचित्रावरून लहान निळ्या फुलपाखरांची जाती सांगणे बहुधा शक्य नसते. ठिकाण, दिनांक आणि शक्य तेथे खाद्य वनस्पती यांच्या नोंदीसह जपलेला नमुना मात्र कसोट्या बदलल्या, तरी पुन्हा तपासता येतो.