शस्त्रक्रियेने उतरलेले वजन टिकवायचे कसे?

प्रतिनिधी, मुंबई

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आता मुंबईकरांना नवी राहिलेली नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या उपनगरांतील मोठ्या खासगी रुग्णालयांत ती होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष बहुधा कौतुकात जाते. कपडे सैल होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, रेल्वेचा पूल चढताना दम लागेनासा होतो. खरी कसोटी त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते पाचव्या वर्षात लागते. वजनाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो आणि नेमक्या त्याच सुमारास अनेक रुग्ण तपासणीला जाणे सोडून देतात. 'एवढे करूनही वजन वाढले' हे डॉक्टरांना सांगण्याचा संकोच त्यामागे अनेकदा असतो. हा संकोच अनाठायी आहे आणि तो महागातही पडू शकतो.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची चर्चा झाली ती प्रामुख्याने गाजलेल्या रुग्णांमुळे. भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणण्यात आले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. चर्नी रोड येथील सैफी रुग्णालयात मार्चमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवण्यात आले आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तेथे त्यांचे निधन झाले. त्यांना इतरही गंभीर आजार होते. त्यामुळे त्यांचे उदाहरण सर्वसामान्य रुग्णाला लागू पडत नाही. मात्र त्या काळात 'किती किलो उतरले' याच आकड्याभोवती सारी चर्चा फिरत राहिली. पुढची वर्षे कशी काढायची, हा प्रश्न मागेच पडला. हजारो सामान्य रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हाच प्रश्न.

पोटात नेमके काय बदलते?

सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे खाणे कमी होते, काही अन्नघटकांचे शोषण घटते आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके वाढतात.

हे सारे बदल वजन उतरवण्यास मदत करतात. पण शरीर स्वस्थ बसत नाही. वजन घटले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते. शंभर किलोच्या देहाला लागणारे अन्न सत्तर किलोच्या देहाला जास्त होते. उपासमार झाल्यासारखे समजून शरीर ऊर्जा वाचवू लागते. वजनाबरोबर स्नायूही झिजले असतील तर गरज आणखी कमी होते. कालांतराने जठर थोडे सैलावते आणि भूक पुन्हा डोके वर काढते. यात रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष फारच थोडा असतो.

किती वाढ अपेक्षित आहे?

या प्रश्नाचे सर्वात विश्वसनीय उत्तर स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून मिळते. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. उदाहरणार्थ, १२० किलो वजनाची व्यक्ती सरासरीच्या हिशेबाने सुमारे ८२ किलोंपर्यंत उतरेल आणि दहा वर्षांनी ९० किलोंच्या आसपास असेल. म्हणजे आठ किलोंची वाढ होऊनही मूळ वजनापेक्षा ती ३० किलोंनी हलकी राहील. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. थोडी वाढ म्हणजे अपयश नव्हे, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. वाढ थांबतच नसेल तर मात्र कारण शोधायला हवे.

ताटात आधी प्रथिने

शस्त्रक्रियेनंतर पोटात जागा थोडी असते. ती कशाने भरायची, हा रोजचा निर्णय असतो. दररोज किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीतून सुमारे २० ग्रॅम, तर ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर पातळ वरणातून मिळणारी प्रथिने त्या मानाने बेताचीच असतात. म्हणून जेवताना आधी उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर पोळी-भात, असा क्रम ठेवावा. घास लहान असावा, जेवण वीस ते तीस मिनिटे चालावे आणि जेवताना पाणी पिऊ नये; ते अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे.

घात होतो तो बहुधा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत. पोळी-भाजी पोटात जड वाटते. पण शेव, चिवडा, बिस्किटे, आइस्क्रीम, मिल्कशेक हे पदार्थ सहज उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा घेतले तर साखरेतूनच सुमारे १६० कॅलरी जातात. बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा नोकरदार सकाळी घाईत बाहेर पडतो, दुपारी मिळेल ते खातो आणि रात्री उशिरा घरी येऊन भरपेट जेवतो. त्याने डब्यात उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी किंवा पनीर नेले तर निम्मे काम होते. घाटकोपरच्या खाऊगल्लीत आयुष्यभर पाऊल टाकू नये, असे नाही. मात्र तेथे जाणे हा अपवाद असावा, पायंडा नव्हे.

उपवासांबाबत विशेष काळजी हवी. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टमय भाग असतो, प्रथिने नगण्य. घाटकोपर, मुलुंडच्या जैन कुटुंबांत पर्युषणात आठ दिवसांचा उपवास करण्याची परंपरा आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी असे दीर्घ उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. पाण्याची आणि जीवनसत्त्वांची कमतरता त्यांच्यात लवकर निर्माण होते.

गोळ्या आयुष्यभर

वजन स्थिर झाले की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. ही चूक करू नये. मल्टिव्हिटॅमिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम यांची गरज आयुष्यभर राहते. मासळी-मटण न खाणाऱ्यांमध्ये ब-१२ ची कमतरता मुळातच अधिक आढळते. शस्त्रक्रियेनंतर ती आणखी वाढू शकते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. धूम्रपानानेही तोच धोका संभवतो.

पहिल्या वर्षी ठरवून दिलेल्या तपासण्या आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा रक्ततपासणी करावी. हिमोग्लोबिन, लोहसाठा, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताचे कार्य आणि गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर यांचा त्यात समावेश हवा. मधुमेह आटोक्यात आला तरी तो परतू शकतो, म्हणून साखरेची तपासणी थांबवू नये. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी.

चालणे आणि वजने उचलणे

वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा असतो, तर ते टिकवण्यात व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला. वजन टिकवू पाहणाऱ्याने वरच्या आकड्याकडे झुकावे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि वर्सोव्याची चौपाटी या जागा त्यासाठी आहेतच. त्या दूर असतील तर सोसायटीचे आवारही पुरते. नुसते चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोन दिवस वजने उचलणे किंवा उठाबशांसारखे व्यायाम केले तर स्नायू टिकतात आणि ऊर्जेचा खर्चही टिकतो.

मनाचे काय?

ज्याला राग, एकटेपणा किंवा ताण आला की खाण्याची सवय होती, त्याची सवय शस्त्रक्रियेने जात नाही. काहींच्या बाबतीत अन्नाची जागा मद्य घेते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात मद्यविकाराचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात दिसले होते. लोंबणारी त्वचा, नातेवाइकांचे शेरे, 'सोपा मार्ग निवडला' हे टोमणे यांनीही मन खचते. अशा वेळी समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

वजन वाढू लागलेच तर

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वजन करून वहीत नोंदवावे. सर्वात कमी वजनापेक्षा चार-पाच किलो वाढ दिसताच डॉक्टरांकडे जावे. पंधरा-वीस किलो वाढण्याची वाट पाहू नये. प्रथम आहार आणि झोप तपासली जाते. त्यानंतर स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा काही मानसोपचार औषधे, तसेच थायरॉइड यांचा विचार होतो. गरज पडल्यास दुर्बिणीने जठराची रचना पाहिली जाते.

औषधांचा पर्यायही आता उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेचा पुरेसा लाभ न झालेल्या ७० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइडच्या इंजेक्शनने २४ आठवड्यांत सरासरी सुमारे ९ टक्के वजन घटले. औषधविरहित गटात ही घट एक टक्क्याहूनही कमी होती. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात आली. ती थांबवल्यास वजन पुन्हा वाढू शकते, म्हणून तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. पुन्हा शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग असतो. तिच्यात पहिलीपेक्षा जोखीम अधिक असते.

आरोग्य विम्याबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेसाठी वय १८ पूर्ण आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक, अशा अटी आहेत. त्यात बसणाऱ्यालाही नंतरच्या रक्ततपासण्या आणि गोळ्यांचा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो. शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक मांडताना हा खर्च दरवर्षीसाठी वेगळा धरावा.

हे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जा

* वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
* बायपासनंतर अचानक तीव्र पोटदुखी
* पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे
* काळी शौच, चक्कर, धाप
* जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, भोवळ

यांपैकी काही लक्षणे ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची असू शकतात आणि उपचाराला उशीर झाल्यास मज्जासंस्थेची कायमची हानी होते.

लठ्ठपणा हा मधुमेह किंवा रक्तदाबाप्रमाणे दीर्घकाळ चालणारा विकार आहे. रक्तदाब वाढला म्हणून कोणी डॉक्टरांपासून तोंड लपवत नाही. वाढलेल्या वजनाबाबतही तीच वृत्ती हवी. ज्यांची तपासणी दोन-तीन वर्षांपासून राहून गेली आहे, त्यांनी जुनी फाइल शोधून या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात, ते दूर असल्यास जवळच्या तज्ज्ञांकडे, वेळ ठरवावी.