परिचालन प्रणालींच्या वेगवान आवृत्त्या : डहाणू व तलासरी

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यांवर चालणारे कार्यक्रम यांचे काम जुळवून देणाऱ्या मूळ आज्ञावलीला परिचालन प्रणाली म्हणतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सचे उबुंटूसारखे प्रकार ही तिची परिचित रूपे होत. विंडोजच्या नव्या आवृत्त्या पूर्वी काही वर्षांच्या अंतराने येत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहिल्या. २०१५ च्या विंडोज १० पासून मात्र एकाच प्रणालीत वारंवार मोठे बदल उतरवण्याची रीत रूढ झाली, आणि ज्यांच्यासाठी संगणक हे कामाचे साधे हत्यार आहे त्यांच्यासाठी स्थैर्याचा प्रश्न तेव्हापासून अधिक तीव्र झाला.

या प्रश्नाचे उदाहरण म्हणून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके पाहू. ते संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे वारली समाजाची मोठी वस्ती आहे. जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला हा येथील विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा व शिष्यवृत्तीचा पाया असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू झाल्यानंतर अशा सेवा ‘आपले सरकार’ पोर्टल व सेवा केंद्रे यांच्यामार्फत संगणकावरून मिळू लागल्या. त्यामुळे केंद्रातील एक संगणक बंद पडला, तर त्याचा फटका पाड्यावरून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला बसतो. या प्रश्नाची चर्चा बहुधा यंत्राच्या अंगाने होते, पण त्याचे खरे मोजमाप या माणसाच्या खेपांत करायला हवे.

बिघाडाची कारणे बहुतेक वेळा प्रणालीत नसून तिच्यावर अवलंबून असलेल्या साखळीत असतात. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, स्कॅनर, छपाईयंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यांना प्रत्येकी ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची ओळख प्रणालीला करून देणारी छोटी आज्ञावली, लागतो. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात येते, त्यामुळे ज्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर ३२-बिटच राहिला ते सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते. ब्राउझरचेही तसेच आहे. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा चालवणारी जुनी जोडणी काढून टाकल्यावर, तिच्यावर बेतलेल्या स्वाक्षरीच्या व्यवस्था इंटरनेट एक्सप्लोररलाच चिकटून राहिल्या आणि त्याचा आधारही जून २०२२ मध्ये संपला.

मराठी मजकुराची अडचण याहून जुनी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. म्हणून संगणक फॉरमॅट करून नवी प्रणाली टाकली आणि तो फॉन्ट राहून गेला, की अनेक वर्षांच्या पत्रिका, ठराव व अर्ज निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखे दिसू लागतात. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

अपडेट टाळत राहणे हा मात्र उपाय नव्हे, कारण नागरिकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकावर सुरक्षा-दुरुस्त्या न बसवणे धोक्याचे असते. तरीही वापरकर्त्यांची धास्ती निराधार म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज अपडेटमध्ये काहींच्या फाइली पुसल्या गेल्याने मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने चालू स्थितीतले अनेक संगणक अधिकृतपणे नव्या आवृत्तीवर जाण्यास अपात्र ठरले.

अशा संगणकांसाठी लिनक्सचा पर्याय आहे. उबुंटूच्या दीर्घकालीन आधार असलेल्या आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही उपलब्ध आहे. मात्र ठसायंत्र व टोकन त्यांवर चालतात की नाही, हे आधी तपासावे लागते. विंडोजच्या प्रो प्रकारात मोठे बदल ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात, तर होम प्रकारात पाच आठवड्यांचाच विराम मिळतो. सेवा केंद्रासाठी प्रो प्रकार घेणे, जून-जुलैच्या प्रवेशकाळात मोठे बदल रोखून धरणे आणि नव्या आवृत्तीवर दाखल्याची सर्व प्रक्रिया एका वेगळ्या संगणकावर आधी तपासणे आवश्यक आहे. ही तपासणी केंद्रचालकावर न सोडता पोर्टल चालवणाऱ्या यंत्रणेने स्वतः करावी.