हवालदार, सरनोबत आणि हुकूम

व्यवस्थापन, नेतृत्व आणि आज्ञाधिकार ही त्रयी आधुनिक सैनिकी विचारात पृथक् मानली जाते. शिवकालीन व्यवहारात या तिन्हींना अशा नेमक्या संज्ञा नव्हत्या; परंतु त्यावरून त्यांतील भेदही त्या राज्यकर्त्यांना अज्ञात होता, असे म्हणता येणार नाही.

राजारामाच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत गडांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे बरोबरीचे अधिकारी असत आणि त्यांनी एकविचाराने कारभार करावा, अशी रीत होती. धान्यसामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे असे. यांपैकी 'हवालदार' हा शब्द विशेष बोलका आहे. त्याचे मूळ अरबी 'हवाला', म्हणजे सोपविणे. ज्याच्या स्वाधीन काही केले आहे तो हवालदार. अर्थात त्याचा अधिकार हा स्वतःचा नव्हे, ती ठेव होय. ती ठेवही एकट्याच्या हाती राहू द्यावयाची नाही, हे या रचनेचे इंगित. शिवाजीमहाराजांनी स्वतःच आरंभीचे काही किल्ले किल्लेदारांना वश करून मिळविले होते. तेव्हा हा धोका त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. लष्करातही जुमलेदाराच्या जोडीला हिशेबाचा मुजुमदार असेच.

नेतृत्व मात्र असे हवाली करता येत नाही. १६७३ मध्ये उमराणी येथे कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास सरनोबत प्रतापराव गुजर याने सोडून दिले. महाराजांचा ठपका त्याच्या जिव्हारी लागला. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ मोजक्या स्वारांनिशी तो त्याच खानावर तुटून पडला व मारला गेला. त्याच्या शौर्याचे गुणगान यथार्थच आहे. पण सरनोबतच सैन्य मागे टाकून पुढे धावला, तर त्या सैन्याने हुकूम कोणाचा घ्यावा, हा प्रश्न त्या गुणगानात सहसा विचारला जात नाही. प्रत्यक्षात आनंदरावाने फौज सावरली आणि पुढे सरनोबती हंबीरराव मोहिते याला मिळाली. सरनोबत पडला, तरी फौज मोडली नाही.

त्याच वर्षी, ६ जून रोजी, झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी 'सरनोबत' या पदनामाच्या जागी 'सेनापती' आले. 'हवालदार' मात्र टिकून राहिला. पंचवीस बारगिरांवरील अधिकाऱ्याचे हे नाव भारतीय भूदलात आजही चालू आहे.